पगार कोठून आला?

शाळेच्या कार्यालयात दर महिन्याला जे पगारपत्रक तयार होते त्याला आपण इंग्रजीत ‘पे बिल’ म्हणतो. पगार आणि पे हे एकमेकांचे भाषांतर आहे अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात ते भाषांतर नाही. तो एकच शब्द आहे. एका वाटेने तो फ्रान्समार्गे इंग्लंडला गेला आणि तेथून शिक्षण खात्याच्या कागदांवर आला. दुसऱ्या वाटेने तो पोर्तुगालहून समुद्रमार्गे वसई, ठाणे, चौल, गोवे या बंदरांत उतरला आणि मराठी माणसाच्या तोंडी बसला. दोन्ही वाटा मागे मागे गेल्या तर रोममध्ये एकत्र येतात.

असे विधान केले की वर्गातला एखादा हुशार विद्यार्थी विचारणारच, “हे कशावरून?” प्रश्न योग्य आहे. शब्दांच्या व्युत्पत्तीच्या नावाखाली आपल्याकडे वाटेल ते खपते. दोन शब्द कानाला सारखे लागले की ते एकाच घरचे, असा निवाडा होतो. व्युत्पत्तिशास्त्र हे तसे नाही. त्यात नियम आहेत, पुरावा आहे, आणि एखादी कल्पना चुकीची ठरवण्याची सोय आहे. विज्ञानात काम करणाऱ्याला ते जवळचे वाटते ते यामुळेच. म्हणून येथे ‘पगार’ या शब्दाचा इतिहास सांगताना तो कसा ताडून पाहतात तेही सांगणार आहे.

प्रथम युरोपातली बाजू पाहू. लॅटिन ही रोमन साम्राज्याची भाषा. साम्राज्य मोडल्यावर ठिकठिकाणची बोली लॅटिन हळूहळू बदलत गेली आणि तिच्यातून पोर्तुगीज, स्पॅनिश, कातालान, फ्रेंच, इटालियन, रोमानियन अशा भाषा झाल्या. त्यांना रोमान्स भाषा म्हणतात. संस्कृतापासून प्राकृते आणि प्राकृतांपासून मराठी, गुजराती, हिंदी, बंगाली असा जो क्रम आपण शिकवतो, साधारण तसाच तो. या रोमान्स भाषांत ‘पैसे देणे, चुकते करणे’ या अर्थाचे क्रियापद असे आहे : पोर्तुगीज ‘पगार’, स्पॅनिश ‘पगार’, इटालियन ‘पगारे’, फ्रेंच ‘पेये’. मूळ लॅटिन क्रियापद ‘पाकारे’. म्हणजे ‘शांत करणे’. त्याचे नाम ‘पाक्स’, म्हणजे शांतता किंवा तह. इंग्रजीतला ‘पीस’ त्याचाच.

आता ‘पाकारे’मधल्या ‘क’चा ‘ग’ कसा झाला? आणि फ्रेंचमध्ये तोही जाऊन ‘य’ कसा उरला? येथे मराठी शिकवणाऱ्याला बाहेर जावे लागत नाही. दोन स्वरांच्या मध्ये सापडलेला ‘क’ मऊ पडून ‘ग’ होतो, पुढे तो ‘य’सारखा पातळ होतो, किंवा पार नाहीसा होतो. संस्कृत ‘मकर’चा आपण ‘मगर’ केला, ‘बक’चा ‘बगळा’ केला. जैनांच्या प्राकृतात ‘सकल’चे ‘सयल’ आणि ‘लोक’चे ‘लोय’ झाले. आणि महाराष्ट्री प्राकृताने तर हा ‘क’ गिळूनच टाकला : ‘कुंभकार’चा कुंभार, ‘लोहकार’चा लोहार, ‘सुवर्णकार’चा सोनार. लॅटिनमध्ये हेच घडले. मित्र या अर्थाच्या ‘आमिकुस’चा पोर्तुगीजमध्ये ‘अमिगो’ झाला आणि फ्रेंचमध्ये नुसता ‘आमी’ उरला. सरोवर या अर्थाच्या ‘लाकुस’चे पोर्तुगीजमध्ये ‘लागो’ झाले. तेव्हा ‘पाकारे’चे पोर्तुगालात ‘पगार’ आणि फ्रान्सात ‘पेये’ होणे हा अपवाद नसून नियम आहे. इटालियनमध्ये मात्र ‘अमिको’ असा ‘क’ टिकतो आणि ‘पगारे’ असा ‘ग’ येतो. याचे कारण सामान्यतः उत्तर इटलीतल्या बोलींच्या प्रभावात शोधतात. एकमेकांना कधीही न भेटलेल्या दोन समाजांच्या जिभा सारख्याच पद्धतीने आळशी व्हाव्यात ही मला नेहमीच मौजेची गोष्ट वाटते. कारण शरीरातच आहे. स्वर उच्चारताना स्वरतंतू कंपित होत असतात. दोन स्वरांच्या मध्ये ते कंपन थांबवून ‘क’ म्हणण्यापेक्षा चालूच ठेवून ‘ग’ म्हणणे सोपे जाते. विद्यार्थ्यांना गळ्यावर बोट ठेवून ‘अका’ आणि ‘अगा’ म्हणायला लावा. फरक बोटाला कळतो.

उच्चाराचे जुळले. पण अर्थाचे काय? शांत करणे आणि पैसे देणे यांचा संबंध काय? रोमन लोकांच्या तोंडी ‘पाकारे’ हा फारसा सौम्य शब्द नव्हता. ज्यूलियस सीझर आपल्या गॉलच्या मोहिमेच्या वृत्तांतात हा शब्द वापरतो तेव्हा एखादा मुलूख ‘शांत केला’ म्हणजे तलवारीच्या जोरावर नमवला असा अर्थ असतो. साम्राज्य गेल्यावर अर्थ उतरत उतरत बाजारात आला. दाराशी बसलेल्या सावकाराला शांत करायचे म्हणजे त्याचे देणे द्यायचे. ज्याचे नुकसान केले त्याला शांत करायचे म्हणजे भरपाई द्यायची. उत्तरकालीन लॅटिनमध्ये ‘धनकोचे समाधान करणे’ हा अर्थ पक्का झाला आणि पुढे समाधानाचा भाग गळून नुसते ‘पैसे देणे’ उरले. जुन्या फ्रेंचमध्ये आणि मध्ययुगीन इंग्रजीत या शब्दाचे दोन्ही अर्थ, संतुष्ट करणे आणि पैसे देणे, शेजारी शेजारी नांदताना दिसतात. म्हणजे मधला सांधा आपण केवळ कल्पनेने जोडलेला नाही.

आणखी एक साक्षीदार आहे. पोर्तुगीज आणि स्पॅनिशमध्ये ‘अपगार’ असे दुसरे क्रियापद आहे. त्याचा अर्थ दिवा विझवणे. पैशाशी याचा काही संबंध नाही, पण शांत करण्याशी आहे. देवापुढचे निरांजन ‘विझले’ असे आपण म्हणत नाही, ‘शांत झाले’ म्हणतो, तसेच हे. पोर्तुगीज माणूस दिवा मालवतो तेव्हा दोन हजार वर्षांपूर्वीचा तो अर्थ अजून वापरत असतो.

प्रयोगशाळेत आम्ही एखाद्या क्रियेचा परिणाम तपासताना शेजारी एक नमुना असा ठेवतो की ज्याच्यावर ती क्रिया केलेली नाही. भाषेच्या इतिहासात असे नमुने मागून मिळत नाहीत, पण कधीकधी सापडतात. रोमानियन भाषा इतर रोमान्स भाषांपासून फार लवकर तुटली आणि स्लाव भाषांच्या शेजारात वाढली. तिच्यात पैसे देणे याला स्लावकडून घेतलेला ‘प्लती’ हा शब्द आहे. ‘पाकारे’चा वंशज तेथेही आहे, ‘इंपका’ या रूपात. पण त्याचा अर्थ समेट करणे, मनधरणी करणे. ‘क’चा ‘ग’ तेथे झालेला नाही, आणि अर्थही बाजारात उतरलेला नाही. पश्चिमेकडे उच्चार आणि अर्थ असे जे दोन बदल झाले, त्या दोन्हींच्या आधीची स्थिती पूर्वेकडे जपली गेली आहे. व्युत्पत्तीला याहून चांगली पुष्टी क्वचितच मिळते.

‘पाक्स’च्याही मागे जाता येते. त्याचा मूळ धातू ‘घट्ट बसवणे, बांधणे’ या अर्थाचा होता. दोन पक्षांना बांधून ठेवणारा तो करार, आणि करारानंतरची ती शांतता. त्याच धातूशी संस्कृतातला ‘पाश’ हा शब्द बहुतेक अभ्यासक जोडतात. तेव्हा पगार आणि पाश हे लांबचे का होईना, भाऊबंद ठरतात. ज्यांच्या पगारातून घराच्या कर्जाचा हप्ता परस्पर कापला जातो त्यांना हे वेगळे पटवून द्यायला नको.

आता आपल्या किनाऱ्यावर येऊ. रोमान्स भाषा बोलणारा माणूस ठाण्याला पोर्तुगीजांच्या आधीच येऊन गेला होता. १३२१ साली इटलीतल्या तोलेंतिनोचा थॉमस आणि त्याचे सोबती असे चार फ्रान्सिस्कन साधू ठाण्यात मारले गेले, ही घटना युरोपातल्या तत्कालीन लेखनात नोंदलेली आहे. त्यांच्याही भाषेत ‘पगारे’ हा शब्द होता. पण चार दिवसांच्या पाहुण्याकडून भाषा शब्द घेत नाही. शब्द घ्यायला शेजार लागतो, व्यवहार लागतो, पिढ्या लागतात. तो शेजार १५३४ नंतर घडला. त्या वर्षी गुजरातचा सुलतान बहादुरशहा याने तहाने वसई आणि तिच्या आसपासचा मुलूख पोर्तुगीजांना दिला. वसई हे त्यांच्या ‘उत्तर प्रांता’चे मुख्य ठाणे झाले, साष्टी, ठाणे, मुंबईची बेटे त्यात आली. ठाणे त्यांच्याकडे १७३७ पर्यंत राहिले. त्या वर्षी मराठ्यांनी ते घेतले आणि मे १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई सर केली. ठाण्याचा जो किल्ला आज मध्यवर्ती कारागृह म्हणून उभा आहे तो बांधायला पोर्तुगीजांनी १७३० मध्ये सुरुवात केली होती, आणि पुरता होण्याच्या सुमारासच तो हातचा गेला. दोनशे वर्षांचा हा शेजार.

या शेजारात कोणते शब्द आले ते पाहिले तर कोण कोणाशी बोलत होते ते कळते. चावी, पिंप, घमेले, बालदी, मिस्त्री, लिलाव, पाव, काजू, अननस. यात दरबारी शब्द जवळजवळ नाहीत. धक्का, गोदाम, बांधकाम, स्वयंपाकघर आणि बाजार येथले शब्द आहेत. ज्या माणसाने घमेले उचलले, चावी सांभाळली, पिंप भरले, त्यानेच पगारही घेतला. या शब्दांच्या सोबतीत ‘पगार’ अगदी आपल्या जागी बसतो.

मौज अशी की पोर्तुगीजांच्या सरकारी दप्तरात वेतनाला निराळे शब्द होते. अधिकाऱ्याला ‘ओर्देनादो’, शिपायाला ‘सोल्दो’, आणि पोटगीदाखल ‘मांतिमेंतो’. हे तिन्ही मराठीत रुजले नाहीत. रुजला तो साधा क्रियापदी शब्द, ‘देणे’, ‘चुकते करणे’. पोर्तुगीजमध्ये ‘पागा’ असे वेतनवाचक नामही आहे, पण मराठीने शेवटचा ‘र’ आणि दुसऱ्या अक्षरावरचा आघात जसाच्या तसा ठेवला. त्या आघाताची जागा आपल्या ‘गा’मधल्या दीर्घ आकाराने दाखवली आहे. शब्द कागदावरून आला नाही, कानावरून आला, असे मी यावरून समजतो. मजूर रांगेत उभे आहेत आणि कोणीतरी विचारतो आहे, “आज पगार आहे का?” धन्याच्या भाषेतले क्रियापद कामकऱ्याच्या भाषेत नाम होण्याची ही सहज जागा आहे. (‘सोल्दो’ मात्र आपल्याकडे दुसऱ्या वेषात आला. रोमन सोन्याचे नाणे ‘सोलिदुस’, त्यावरून सैनिकाचे वेतन, त्यावरून इंग्रजी ‘सोल्जर’, आणि त्याचा आपण केलेला ‘सोजीर’.)

हा शब्द पोर्तुगीजच कशावरून? रूप तर स्पॅनिशचेही तेच आहे. नुसत्या ‘पगार’वरून ते सांगता येत नाही हे मान्य केले पाहिजे. त्यासाठी त्याच्या सोबत आलेली ‘चावी’ उपयोगी पडते. लॅटिन ‘क्लाविस’चे इटालियनमध्ये ‘कियावे’, फ्रेंचमध्ये ‘क्ले’, स्पॅनिशमध्ये ‘ल्यावे’ असे होते. ‘च’ फक्त पोर्तुगीजच्या वाटेला आला. आजच्या लिस्बनमधला माणूस मात्र या शब्दाचा उच्चार ‘शाव’सारखा करतो. सोळाव्या शतकात तेथेही ‘च’ होता, तो नंतर बदलला. वसईच्या किनाऱ्यावर आपण जो ‘च’ उचलला तो तसाच ठेवला. खडकात एखाद्या प्राण्याचा ठसा राहावा आणि प्राणी पुढे बदलून जावा, तसा पोर्तुगीज भाषेचा एक जुना उच्चार मराठीत जीवाश्म होऊन राहिला आहे. आणि म्हणून ‘चावी’ केव्हाची आणि कोणाची, दोन्ही प्रश्नांची उत्तरे तिच्यातच मिळतात.

दुसरा पुरावा नकाशाचा. पगार हा शब्द मराठी, कोकणी आणि गुजराती या पश्चिम किनाऱ्याच्या भाषांत घट्ट रुजलेला आहे. बंगालीत ‘माइने’, तमिळमध्ये ‘संबळम’, तेलुगूत ‘जीतम’, उत्तर भारतात ‘तनखा’ किंवा ‘वेतन’. शब्द जर जुन्या काळापासून भारतात असता तर त्याचा पसारा असा किनाऱ्यालगत दाटला नसता.

तिसरा पुरावा शब्दाच्या पोटात आहे. महाराष्ट्री प्राकृतात दोन स्वरांमधला ‘क’ जसा गळाला तसा ‘ग’ही गळाला. ‘नगर’चे ‘नयर’ झाले आणि तेच संगमनेर, अंमळनेर यांच्या शेपटीला ‘नेर’ म्हणून उरले. ‘सागर’चे ‘सायर’ झाले. पगार हा शब्द त्या काळी आपल्याकडे असता तर त्याच्या ‘ग’ची बहुधा हीच गत झाली असती. तो शाबूत आहे, अर्थात हा नियम थांबल्यावर तो आला आहे. तटबंदी या अर्थाच्या संस्कृत ‘प्राकार’चे प्राकृतात ‘पागार’ झाले होते हे खरे, आणि कोणाला ते पाहून पगाराचे मूळ तेथे शोधावेसे वाटेल. पण तटबंदीचा आणि महिन्याच्या पैशाचा अर्थाने काही दुवा दाखवता येत नाही. त्याहूनही गमतीची गोष्ट मलय भाषेत आहे. तेथे ‘पगार’ म्हणजे कुंपण. तो शब्द तिकडच्या भाषाकुलातला, घरचा आहे. यूल आणि बर्नेल यांच्या १८८६ च्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या कोशात हे दोन्ही पगार एकाखाली एक दिले आहेत, आणि त्यांचा परस्परांशी काही संबंध नाही. कानाला एक लागणारे तीन शब्द, तीन निरनिराळी कुळे. नुसत्या सारखेपणावर भरवसा ठेवणाऱ्यांनी हे उदाहरण जवळ बाळगावे.

भारतीय भाषांतल्या पोर्तुगीज शब्दांची शिस्तीने छाननी करणारा पहिला मोठा अभ्यासक आपल्याच भागातला होता. मोन्सिन्योर सेबास्तियांव रोदोल्फो दालगादो, जन्म १८५५, गोव्यातल्या बार्देश तालुक्यातले आसगाव. धर्मगुरू, संस्कृतचे जाणकार, कोकणीचे कोशकार. आशियातल्या भाषांवर पोर्तुगीज शब्दसंपत्तीचा किती प्रभाव पडला हे सांगणारा त्यांचा ग्रंथ १९१३ मध्ये निघाला. त्याचे इंग्रजी भाषांतर १९३६ मध्ये बडोद्याच्या गायकवाड ग्रंथमालेत आले. सुमारे पन्नास भाषांतून त्यांनी शब्द गोळा केले. त्याआधी, १९०६ मध्ये, उत्तर प्रांतातल्या ख्रिस्ती लोकांच्या मिश्र पोर्तुगीज बोलीवरही त्यांनी लिहिले होते. ती बोली ठाणे-वसईकडून नाहीशी झाली. रायगड जिल्ह्यात चौलच्या खाडीपलीकडे कोर्लई गावात मात्र तिची एक शाखा अजून घराघरांत बोलली जाते.

कल्याणची एक हकीकत येथे सांगितली पाहिजे. शिवाजी महाराजांनी १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी घेतली आणि खाडीकाठी जहाजे बांधायला सुरुवात केली. १६५९ साली या कामावर रुई लैतांव व्हियेगस आणि त्याचा मुलगा फेर्नांव असे दोन पोर्तुगीज कारागीर आपल्या माणसांसह होते. वसईच्या पोर्तुगीज कप्तानाला हे रुचणे शक्य नव्हते. त्याने संधान बांधून त्यांना काम सोडायला लावले. त्या कामावर पैसे मोजताना कोणी कोणता शब्द उच्चारला हे कोणत्याही कागदावर नाही, आणि तसा दावा मी करणार नाही. पण शब्द कसे ओलांडून येतात याचे चित्र म्हणून ही खाडी पुरेशी आहे. एका धक्क्यावर मराठी सुतार, पोर्तुगीज मिस्त्री, आणि देणारा हात मराठी राज्याचा. भाषा नेहमी जेत्याकडून जिताकडेच वाहते असे नाही. कामाच्या जागी ती ज्याच्याकडे कसब आहे त्याच्याकडूनही घेतली जाते.

पगार येण्यापूर्वी आपल्याकडे शब्द नव्हता म्हणून तो घेतला, असेही नाही. ‘वेतन’ पाणिनीच्या व्याकरणात आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात तर राजसेवकांच्या वेतनाची श्रेणीवार यादी आहे. त्यात राजाचा आचार्य मंत्री आणि सेनापती यांच्या बरोबरीने ४८,००० पणांच्या सर्वांत वरच्या श्रेणीत बसतो. (हा आकडा शिक्षकांच्या सभेत वाचून दाखवण्यापूर्वी आचार्य राजाचा होता हे ध्यानात घ्यावे.) फारसी-अरबीकडून ‘तनखा’, ‘मुशाहिरा’, ‘रोजमुरा’ आले होते. एवढे शब्द असताना पगार का टिकला? माझा तर्क असा, की गावगाड्यातल्या बलुत्याहून आणि दरबारातल्या नेमणुकीहून निराळी अशी एक तिसरी गोष्ट किनाऱ्यावर रूढ होत होती. ठरलेले काम, ठरलेली मुदत, रोख पैसे, आणि व्यवहार तेथेच संपला. देणाराघेणारा दोघेही शांत. पुढे इंग्रजांच्या मुंबईत ही गोष्ट वाढत गेली. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे आणि १ मे १८५४ ला कल्याणपर्यंत आगगाडी धावली. पाठोपाठ गिरण्या निघाल्या. महिन्याच्या महिन्याला पगार घेऊन जगणाऱ्यांचा एक वर्गच तयार झाला. आज डोंबिवलीच्या फलाटावर सकाळी जी गर्दी असते ती या वर्गाची. १९३६ च्या वेतन अदायगी कायद्याने पगाराची मुदत एका महिन्याहून जास्त असू नये आणि मुदत संपल्यावर सात किंवा दहा दिवसांत तो दिला जावा असे बंधन घातले. सात तारखेच्या पगाराचे मूळ तेथे आहे.

मराठीने या शब्दाला किती आपलेसे केले ते त्याच्या संततीवरून दिसते. ‘पगारदार’मध्ये पोर्तुगीजला फारसी प्रत्यय लागला आहे, ‘पगारपत्रक’मध्ये संस्कृत शब्द. आणि ‘बिनपगारी फुल अधिकारी’ या वाक्प्रचारात तर पोर्तुगीज, इंग्रजी आणि संस्कृत असे तिघे मराठीच्या एका दावणीला बांधलेले आहेत. परका शब्द म्हणून त्याला बाहेर काढायचे ठरवले तर निम्मे घर बाहेर काढावे लागेल.

वेतनाच्या शब्दांविषयी लिहिताना मिठाची गोष्ट टाळता येत नाही. इंग्रजी ‘सॅलरी’ लॅटिन ‘सालारियुम’वरून आला आणि त्याचा ‘साल’ म्हणजे मीठ या शब्दाशी संबंध आहे, येथपर्यंत ठीक. पण रोमन सैनिकांना पगार म्हणून मीठ देत असत, हे जे पाठ्यपुस्तकाबाहेरच्या माहितीत हमखास सांगितले जाते, त्याला प्राचीन ग्रंथांत आधार मिळत नाही. सैनिकांना नाणी मिळत. व्युत्पत्ती खरी आणि तिच्याभोवतीची कथा रचलेली असे पुष्कळदा होते. शब्दाचे मूळ सांगितले म्हणजे इतिहास सिद्ध झाला, असे समजू नये.

उलट, शब्द बदलल्याने वस्तू बदलते का, हा प्रश्न मात्र अगदी व्यवहारातला आहे आणि शिक्षकांना तो ठाऊक आहे. महाराष्ट्रात २००० साली शिक्षणसेवक योजना आली. नव्याने लागलेल्या शिक्षकाला पहिली तीन वर्षे मिळे त्याला पगार म्हणायचे नाही, मानधन म्हणायचे. काम तेच, हजेरी तीच, वर्ग तेच. विनाअनुदानित शाळांच्या परवानगीत ‘कायम’ हा एक शब्द होता, तो २००९ मध्ये वगळला गेला. तो असेपर्यंत त्या शाळांच्या शिक्षकांच्या अनुदानाची वाटच बंद होती. अंगणवाडी सेविकांनाही मिळते ते मानधन. त्यांचे एक प्रकरण गुजरातेतल्या दाहोद जिल्ह्यातून सर्वोच्च न्यायालयात गेले. नोकरीच्या अखेरीस त्यांना ग्रॅच्युइटी द्यायची की नाही, हा वाद होता. मानधन हे वेतन नव्हे, असे एका बाजूचे म्हणणे होते. २५ एप्रिल २०२२ रोजी न्यायमूर्ती अजय रस्तोगी आणि ठाण्याच्या जिल्हा न्यायालयात वकिलीला सुरुवात केलेले न्यायमूर्ती अभय ओक यांनी निकाल दिला. १९७२ च्या ग्रॅच्युइटी कायद्यात वेतनाची जी व्याख्या आहे तिच्यात हे मानधन बसते, आणि या सेविका व मदतनीस ग्रॅच्युइटीला पात्र आहेत, असे त्यांनी ठरवले.